तुळजाभवानीची घराणी

स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर रोडेल येथे सेंट क्लेमेंटचे जुने चर्च आहे. मॅक्लाउड कुळाचा प्रमुख अलास्टेर क्रोटाख याने 1528 मध्ये तिथे स्वतःची कबर कोरवून घेतली. कुळाचे आणि देवालयाचे नाते तिथे दगडात आहे. तुळजापुरात मात्र ते दगडांत शोधू नये, असे माझे मत झाले आहे.

दगड आहेतच. सरदार निंबाळकरांच्या नावाचा दरवाजा आहे. महाद्वारांना शहाजीराजे आणि जिजाऊ यांची नावे आहेत. भोसल्यांची ही कुलस्वामिनी. अफझलखानाने 1659 च्या स्वारीत देवीला उपद्रव दिल्याचे सभासद लिहितो. तुळजापूर तेव्हा आदिलशाही मुलखात होते. शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली.

एवढे सांगून बहुतेक लेख थांबतात. पण या देवीचे वेगळेपण असे, की मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते: भाद्रपदात घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. आता देवी हलवायची म्हटल्यावर उचलणारे हात लागतात, पलंग लागतो, पालखी लागते. आणि यातले प्रत्येक काम कुणाच्या तरी घराण्याचे आहे. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, तेली समाजातल्या भगत घराण्याकडून. पलंग तयार होतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात. सीमोल्लंघनाला देवी त्या पालखीत बसते आणि मग त्या पलंगावर निजते. देवीची पूजा करणारे भोपे आडनावाने कदम, जातीने मराठा. पुजारी म्हणजे ब्राह्मणच, ही आपली समजूत इथे चालत नाही.

हे हक्क नुसते श्रद्धेवर चालले असे नाही. धाराशिव निजामाच्या राज्यात असताना 1909 मध्ये या देवस्थानासाठी ‘देऊळ कवायत’ नावाचे नियम झाले. पुजाऱ्यांवर कारवाई करायची वेळ आली, की त्यातल्या कलमांचा आधार आजही घेतला जातो.

रा. चिं. ढेरे यांनी तुळजाभवानीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ग. ह. खरे यांनी महाराष्ट्राच्या चार दैवतांत तिला घेतले. राजघराण्यांची बाजू त्यामुळे वाचकाला बरीच ठाऊक असते. भगतांची आणि भोप्यांची बाजू मात्र पाहायला दसऱ्याच्या पहाटे तुळजापुरात उभे राहावे लागते. पाच दिवसांनी, आश्विनी पौर्णिमेला, देवी पुन्हा सिंहासनावर बसते.