बारावा हात वर झाला नाही!

१९५७ साली अमेरिकेत ‘ट्वेल्व अँग्री मेन’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक सिडने ल्युमेट. ना नाच, ना मारामारी. जवळजवळ सगळी कथा एका बंद खोलीत घडते. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे मूळ हेच.

झोपडपट्टीतल्या १८ वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. सामान्य नागरिकांतून निवडलेले १२ पंच, म्हणजे ज्युरी, निकाल देणार. दोषी ठरला तर देहांत. मात्र बाराही जणांचे एकमत हवे. पहिल्याच मतदानात ११ हात ‘दोषी’ म्हणून वर जातात. एकाला तर बेसबॉलची मॅच गाठायची घाई!

आठवा पंच (हेन्री फोंडा) हात वर करीत नाही. मुलगा निर्दोष आहे, असे तो म्हणत नाही. जीव घेण्याआधी थोडे बोलूया, एवढेच त्याचे म्हणणे. आम्हा कारकुनांना ठाऊक आहे, सगळ्यांच्या सह्या झालेल्या कागदावर शेवटची सही नाकारणे किती जड जाते! पण हा गडी आदल्या रात्री त्या मुलाच्या वस्तीत फिरून आलेला असतो. ‘असा चाकू दुसरा नाही’ म्हणणाऱ्यांसमोर तो तसाच, सहा डॉलरला घेतलेला चाकू टेबलात रोवतो.

मला सर्वांत मोठा वाटतो तो दहाव्या पंचाचा प्रसंग. ‘ही वस्तीतली माणसे असलीच’ असे तो बरळू लागतो. वस्तीतच वाढलेला पाचवा पंच आधी उठतो. मग एकेक जण उठून पाठ फिरवतो. कोणी वाद घालीत नाही, आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

मात्र त्या खोलीतले बाराही पुरुष गोरे आहेत, हेही पाहावे. आणि एका नकाराला किंमत आहे ती एकमताच्या नियमामुळे. लुइझियाना राज्याने १८९८ सालीच तो नियम मोडला. देहांताचे खटले सोडून इतर गंभीर गुन्ह्यांत तेथे ९, पुढे १० पंचांचे मत पुरेसे ठरले. हेतू उघड होता: काळा माणूस पंच झालाच, तरी त्याचे मत वाया जावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली ती २०२० साली, चित्रपटानंतर ६३ वर्षांनी! पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने सांगितले, की पूर्वीच अंतिम झालेल्या शिक्षांविरुद्ध केंद्रीय न्यायालयांत या निकालाचा आधार घेता येणार नाही. त्या कैद्यांच्या खटल्यांतही कोणीतरी हात खालीच ठेवला होता.