खाण नाही, तरी हिऱ्यांचा मनोरा!

मुलांनो, अरबी भाषेत हिऱ्याला 'अल्मास' म्हणतात. दुबई शहरात याच नावाची एक इमारत आहे, अल्मास टॉवर. उंची सुमारे ३६० मीटर! मुंबईचा राजाबाई टॉवर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो ८५ मीटर उंच आहे. असे चार टॉवर एकावर एक ठेवले, तरी अल्मासचा शेंडा वरच राहील. ३०० मीटरच्या पुढे गेलेल्या इमारतींना 'सुपरटॉल' म्हणतात, त्यातलीच ही. २०१० साली उघडलेल्या ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाशेजारी उभी केली तर मात्र ती ठेंगणीच दिसेल, बरं का!

मानवनिर्मित तळ्यांच्या मधोमध एका बेटावर ही इमारत उभी आहे. वर ऑफिसंच ऑफिसं, आणि खालच्या पसरट भागात दुबईचा हिरेबाजार. आता गंमत अशी, की दुबईत हिऱ्याची एकही खाण नाही! आफ्रिकेतल्या खाणींतून कच्चे हिरे इथे येतात, विकले जातात आणि पैलू पाडायला बहुतेक आपल्या सुरतेला जातात. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घडतात असं सांगतात.

मग एवढ्या व्यापाऱ्यांना एकाच छपराखाली कशाला बसायचं? अहो, माल केवढासा! हिऱ्याचं वजन कॅरटमध्ये मोजतात. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. पूर्वी आपले सोनार गुंजेच्या बीने सोनं तोलत, तसं कॅरट हे नाव कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून आलं. लाखोंचा माल कागदाच्या छोट्याशा पुडीत मावतो. ती पुडी खिशात घालून शहरभर हिंडण्यापेक्षा तपासणी, तिजोरी, गिऱ्हाईक सारं एकाच इमारतीत असलेलं बरं. कच्च्या हिऱ्यांची विक्री पुष्कळदा बंद लिफाफ्यातल्या बोलीने होते. माल बघायचा, आपली किंमत लिहून द्यायची आणि वाट पाहायची.

आणि हिरा बघायचा कसा? हातात चिमटा, डोळ्याला दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि उजेड उत्तरेचा! थेट ऊन पडलं की हिरा असा चमचमतो, की त्याचा रंग आणि दोष नीट कळतच नाहीत. दुबई कर्कवृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे तिथे भर दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेकडेच असतो. म्हणून हिरेपारखी उत्तरेच्या खिडकीतला शांत उजेड पसंत करत आले आहेत. आता खास दिवेही मिळतात म्हणा. तुमच्या वर्गाच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, उद्या पाहा बरं!

पण या लखलखाटामागे एक काळी बाजूही आहे. सिएरा लिओन, अंगोला या देशांत बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रं घेतली. लहान मुलांच्या हातातसुद्धा बंदुका दिल्या. तुमच्याच वयाची मुलं, विचार करा! म्हणून २००३ पासून 'किम्बर्ली प्रक्रिया' नावाची जागतिक व्यवस्था सुरू झाली. कच्चे हिरे सीलबंद पेटीतून, सरकारी दाखल्यासह आले तरच त्यांना सीमा ओलांडता येते. मला विचाराल, तर हे पुरेसं नाही. दाखला बघतो तो फक्त बंडखोरांचा पैसा. खाणीत मजुराला किती मजुरी मिळाली, तो कुठल्या हालात राबला, हे त्या कागदावर नसतं. पालकांनो, दुकानात अंगठी घेताना "हा हिरा कुठून आला?" एवढं तरी जरूर विचारा. दुकानदार गोंधळला तरी चालेल.

आपल्याकडेही हिऱ्यांचे असे बाजार आहेत. मुंबईत पूर्वी ऑपेरा हाउसजवळच्या पंचरत्न इमारतीत गर्दी असे. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झालं. सुरतेचं बोर्स २०२३ मध्ये उघडलं. ते फक्त पंधरा मजल्यांचं, पण इतकं ऐसपैस, की अमेरिकेच्या पेंटागॉनलाही त्यानं मागे टाकलं. दुबईकर आकाशात चढले, सुरतकर जमिनीवर पसरले!

इमारत उभी असो की आडवी, सौदा मात्र सगळीकडे एकाच शब्दाने पक्का होतो. 'मझल!' हा हिब्रू शब्द, अर्थ 'नशीब'. तो उच्चारून हात मिळवला, की व्यापारी सहसा शब्द फिरवत नाही. लेखी करार नसला तरीही.