आर्थिक स्वातंत्र्याचें गणित

अमका आतां आपल्या पायांवर उभा आहे असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा त्याच्या पगाराचा आंकडा आपल्या मनांत असतो. परंतु पगार म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. उद्यां वरिष्ठानें न पटणारें काम सांगितलें किंवा प्रकृतीनें दगा दिला, तर नोकरीवांचून घर किती दिवस चालेल? या प्रश्नाचें जें उत्तर, तेवढेंच आपलें आर्थिक स्वातंत्र्य.

दोन घरांची कल्पना करूं. एका घरीं महिन्यास १,००,००० रुपये येतात व ९०,००० खर्च होतात. दुसऱ्या घरीं ६०,००० येतात व ४०,००० खर्च होतात. शेजारीपाजारी पहिल्या घरासच संपन्न म्हणतील. पण व्याज तूर्त बाजूस ठेवलें, तर एका महिन्याच्या खर्चाची तरतूद करावयास पहिल्या घराला नऊ महिने राबावें लागतें. दुसऱ्याला अवघे दोन! काटकसरीचा लाभ असा दुहेरी आहे. शिल्लक वाढते, आणि ज्या खर्चासाठीं ती हवी, तो खर्चही उतरतो.

मग पुरेसें भांडवल किती? विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागारानें १९९४ सालीं आपल्या देशांतील मागील बाजारभाव तपासून एक हिशेब मांडला. शेअर व सरकारी रोखे यांत गुंतविलेल्या भांडवलांतून पहिल्या वर्षीं शेंकडा ४ घ्यावे व पुढें महागाईच्या मानानें ती रक्कम वाढवावी, तर तें निदान तीस वर्षें पुरतें, असें त्यास आढळलें. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट भांडवल हवें. आपल्या दुसऱ्या घरास तें १ कोटी २० लाख, तर पहिल्यास २ कोटी ७० लाख. हा अनुभव अमेरिकेचा आहे. आपण त्यास वेदवाक्य मानूं नये.

खरा शत्रु महागाई. ती दरसाल शेंकडा ६ वाढली, तर सुमारें बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. ठेवीचें सगळें व्याज खाऊन टाकणाऱ्याचें मुद्दल कागदावर अभंग दिसतें, पण त्यांत धान्य निम्मेंच येतें. म्हणून व्याजाचा कांहीं भाग मुद्दलांत परत गेलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. घर स्वतंत्र झालें म्हणजे घरांतील गृहिणी स्वतंत्र झाली, असें नव्हे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखालीं पतीनें स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी व मुलें यांच्या हितासाठीं उतरविला, तर तो पैसा त्यांचाच ठरतो. पतीच्या सावकारांना सामान्यतः त्यास हात लावतां येत नाहीं. दीडशें वर्षांची ही सोय किती घरांत ठाऊक आहे?

तेव्हां आज रात्रीं जमाखर्चाची वही उघडा, मात्र एकट्यानें नव्हे. पतिपत्नींनीं शेजारीं बसून एकच आंकडा काढावा: नोकरीवांचून आपण किती महिने? तो आंकडा लहान निघाला तरी लाजूं नये. पुढील वर्षीं याच दिवशीं तो वाढलेला असला, म्हणजे झालें.