मानसशास्त्रीय संशोधनातील नियामक चल आणि बहुविध प्रतिगमन : वाशीम जिल्ह्यातील शेतकरी-ताणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. पुढे २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वर्धा यांच्यासोबत वाशीमचाही समावेश होता. साहजिकच या भागातील मानसशास्त्र, समाजशास्त्र व गृहअर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी शेतकऱ्यांचा ताण, नैराश्य आणि समायोजन हे विषय संशोधनासाठी निवडले. यांतील बहुतेक अभ्यासांचा प्रश्न एकच असतो : कर्जाच्या ताणामुळे नैराश्य वाढते काय? या प्रश्नाचे उत्तर गावचा कोतवालही देऊ शकेल. त्यासाठी प्रश्नावली छापण्याची गरज नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. एकाच शिवारात, एकाच हंगामात दोन घरांचे सोयाबीन सारखेच बुडते. दोघांच्या डोक्यावर कर्जही जवळपास सारखेच असते. तरी एक घर खचते आणि शेजारचे तग धरते. हे कशामुळे घडते? २०१५ साली राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. अशा कामात हाताशी माणसे थोडी आणि गावे फार असतात. कोणाच्या दाराशी आधी जावे, हे ठरविताना ‘सरासरीने ताण वाढला की नैराश्य वाढते’ हे विधान काहीही मदत करीत नाही. ताणाचा परिणाम कोणावर अधिक होतो व कोणावर कमी, हे कळावे लागते. ज्या चलामुळे हा परिणाम कमी-अधिक होतो त्याला इंग्रजीत मॉडरेटर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘नियामक चल’ ही संज्ञा वापरली आहे.

संकल्पनेचे मूळ :

ही कल्पना शेतीतच जन्मली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. रोनाल्ड फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी १९२३ साली इंग्लंडमधील रोदमस्टेड येथील बटाट्याच्या प्रयोगावर निबंध लिहिला. निरनिराळे वाण खताला निरनिराळा प्रतिसाद देतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. खत चांगले की वाण चांगला, असा तो प्रश्न नव्हे. एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे काय, असा आहे. यालाच आंतरक्रिया म्हणतात. पाऊस गेल्यावर कोरड्या मातीत टाकलेल्या युरियाचे काय होते, हे रिसोड-मालेगावच्या शेतकऱ्यास ठाऊक असते. म्हणजेच आंतरक्रिया त्याला ठाऊक असते.

मानसशास्त्रात डेव्हिड सॉन्डर्स यांनी १९५६ साली नियामक चलाचा विचार प्रतिगमनाच्या भाषेत मांडला. सामाजिक आधार हा ताणाचे आघात सोसणाऱ्या गादीसारखा काम करतो, या परिकल्पनेचा विस्तृत आढावा शेल्डन कोहेन व थॉमस विल्स यांनी १९८५ साली घेतला. नियामक चल व मध्यस्थ चल यांतील भेद रूबेन बॅरन व डेव्हिड केनी यांनी १९८६ च्या निबंधात स्पष्ट केला. कर्जामुळे झोप उडते आणि झोप उडाल्याने नैराश्य येते, असे म्हटल्यास झोप ही मध्यस्थ. तिच्यातून परिणाम वाहत जातो. कुटुंबाचा आधार असेल तेथे कर्जाचा परिणाम सौम्य होतो, असे म्हटल्यास आधार हा नियामक. आपल्याकडील अनेक शोधनिबंधांच्या शीर्षकांत ‘भूमिका’ हा शब्द असतो; ती भूमिका या दोहोंपैकी कोणती, हे निबंध वाचून संपला तरी कळत नाही.

प्रचलित पद्धती व तिच्यातील दोष :

आपल्या महाविद्यालयांतून रूढ असलेली रीत अशी : सामाजिक आधाराच्या गुणांचा मध्यांक काढावयाचा, प्रयुक्तांचे ‘उच्च आधार’ व ‘निम्न आधार’ असे दोन गट पाडावयाचे आणि दोन्ही गटांत ताण व नैराश्य यांचा सहसंबंध स्वतंत्रपणे काढावयाचा. एका गटात तो सार्थक आला व दुसऱ्यात आला नाही, की ‘आधारामुळे ताणाचा परिणाम कमी होतो’ असा निष्कर्ष लिहिला जातो. प्रस्तुत लेखकाने आपल्या एम. फिल. च्या लघुप्रबंधात नेमके हेच केले होते. मौखिक परीक्षेत त्यावर कोणी प्रश्न विचारला नाही, ही गोष्ट त्या वेळी सुदैवाची वाटली.

उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. प्रत्येक गटात ६० प्रयुक्त आहेत. निम्न आधाराच्या गटात सहसंबंध ०.३० व उच्च आधाराच्या गटात ०.२० आला. ६० प्रयुक्तांसाठी ०.०५ स्तरावर सार्थकतेकरिता सुमारे ०.२५ हे मूल्य लागते. म्हणून पहिला सार्थक, दुसरा नाही. आता या दोन सहसंबंधांमधील फरकाची कसोटी घ्यावी. फिशरच्या रूपांतरणाने झेड मूल्य येते ०.५७, आवश्यक असते १.९६. म्हणजे फरक आहे असे म्हणण्यास काहीही आधार नाही. एक सार्थक आणि दुसरा असार्थक, म्हणून ते परस्परांहून भिन्न, हे अनुमान चुकीचे आहे. अँड्र्यू गेलमन व हॅल स्टर्न यांनी २००६ साली याच मुद्द्यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला.

दुसरा दोष गट पाडण्यातच आहे. मध्यांकाच्या एक गुण वर असलेला आणि वीस गुण वर असलेला, दोघेही ‘उच्च’ ठरतात. एक गुण वर व एक गुण खाली असलेले मात्र दोन टोकांचे मानले जातात. जेकब कोहेन यांनी १९८३ साली दाखविले की, सामान्य वितरण असलेल्या चलाचे असे दोन तुकडे केल्यास होणारी हानी सुमारे ३८ टक्के प्रयुक्त फेकून देण्याइतकी असते. १२० शेतकऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घ्यावयाच्या, त्यासाठी मानोऱ्यापासून कारंजापर्यंत एसटीने हिंडावयाचे आणि मग जवळजवळ ४५ प्रश्नावल्या टोपलीत टाकावयाच्या, असा हा व्यवहार आहे.

तिसरा दोष सूक्ष्म आहे. सहसंबंध हा गटातील गुणांच्या प्रसरणावरही अवलंबून असतो. ओलिताची शेती असणाऱ्यांमध्ये कर्जाच्या ताणाचे गुण एकमेकांच्या जवळ असतील आणि कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये दूरवर पसरलेले असतील, तर ताणाच्या प्रत्येक गुणामागे नैराश्य दोन्हीकडे तितकेच वाढत असूनही ओलिताच्या गटातील सहसंबंध कमी दिसेल. म्हणून सहसंबंधांची तुलना न करता प्रतिगमनाच्या उतारांची तुलना करणे इष्ट होय.

गुणाकार पदाचे प्रतिगमन :

बहुविध प्रतिगमनात नियामक परिणामाची कसोटी एका जादा पदाने घेतली जाते. ताण ‘क्ष’, आधार ‘म’ आणि नैराश्य ‘य’ मानल्यास समीकरण असे होते :

य = अ + ब१ क्ष + ब२ म + ब३ (क्ष × म)

सर्व प्रश्न ब३ या गुणकात सामावलेला आहे. आधार एका गुणाने वाढला असता ताणाचा उतार कितीने बदलतो, हे तो सांगतो. एक काल्पनिक निष्पत्ती पाहू. येथे दोन्ही चल आपापल्या मध्यमानापासूनच्या विचलनात घेतले आहेत व आधाराचे प्रमाण विचलन ६ आहे :

य = १८ + ०.६० क्ष − ०.४० म − ०.०५ (क्ष × म)

आधार सरासरीइतका असेल तेथे म = ०, म्हणून ताणाचा उतार ०.६०. आधार एक प्रमाण विचलनाने अधिक, म्हणजे म = ६ असेल, तेथे उतार ०.६० − ०.३० = ०.३०. एक प्रमाण विचलनाने कमी असेल तेथे ०.९०. ताण तोच, पण आधार कमी असलेल्या घरात त्याची किंमत तिप्पट. हे तीन उतार आलेखावर काढावेत, म्हणजे अन्य विद्याशाखेच्या वाचकासही अर्थ लागतो. लिओना ऐकेन व स्टीफन वेस्ट यांच्या १९९१ च्या पुस्तकाने ही रीत रूढ केली. आधाराच्या कोणत्या मूल्यापासून उतार असार्थक होतो, हे शोधण्याची जॉन्सन व नेमन यांची पद्धत तर १९३६ सालची आहे. अँड्र्यू हेझ यांच्या प्रोसेस या मॅक्रोमुळे आता हे काम एसपीएसएसमध्ये काही मिनिटांत होते.

काही व्यावहारिक खबरदाऱ्या येथे सांगणे आवश्यक आहे. गुणाकार पद घेताना क्ष व म ही मूळ पदे वगळू नयेत, मग ती असार्थक असली तरी. मध्यमानापासूनची विचलने घेतल्याने ब३ किंवा त्याची सार्थकता बदलत नाही. बदलतो तो ब१ व ब२ यांचा अर्थ. विचलन न घेता ब१ चा अर्थ ‘आधार शून्य असताना ताणाचा परिणाम’ असा होतो, आणि ज्या मापनश्रेणीचे किमान गुण १२ आहेत तेथे शून्य आधाराचा माणूस अस्तित्वातच नसतो. एसपीएसएसच्या तक्त्यातील बीटा या स्तंभात गुणाकार पदासमोर छापलेला आकडा वापरू नये. प्रमाणित गुणक हवे असल्यास आधी सर्व चलांचे झेड गुण काढून मग गुणाकार करावा व अप्रमाणित गुणकांचा स्तंभ वाचावा. ही चूक नामांकित नियतकालिकांतही आढळते. शिवाय ताण व आधार यांच्यात परस्पर सहसंबंध असेल तर ताणाचा वक्ररेषीय परिणाम आंतरक्रियेच्या वेषात येऊ शकतो. म्हणून ताणाच्या वर्गाचे पद घालून पाहावे.

नमुन्याचा प्रश्न :

सर्वांत मोठी अडचण मात्र नमुन्याच्या आकाराची आहे. गुणाकार पद घातल्यावर स्पष्ट झालेल्या प्रसरणाचे प्रमाण ०.३०० वरून ०.३१४ झाले, असे समजू. परिणामाचा आकार ०.०१४ भागिले ०.६८६, म्हणजे सुमारे ०.०२ होतो. कोहेन यांच्या परिभाषेत हा लहान परिणाम. तो ०.८० इतक्या सामर्थ्याने शोधण्यासाठी सुमारे ३९२ प्रयुक्त लागतात. मध्यम परिणामासाठी ५५ व मोठ्यासाठी २६ पुरतात. प्रत्यक्षात मध्यम परिणामही दुर्मीळ असतो. हर्मन अग्विनिस व सहकाऱ्यांनी १९६९ ते १९९८ या ३० वर्षांतील, गटवाचक नियामक चलांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा परिणामाच्या आकाराचा मध्यांक केवळ ०.००२ निघाला. आपला ठरीव नमुना १२० चा. लहान परिणाम खरोखर अस्तित्वात असला तरी एवढ्या नमुन्यात तो सापडण्याची शक्यता तीनांत एक एवढीच आहे.

त्यात मापनाची भर पडते. दोन्ही मापनश्रेणींची विश्वसनीयता ०.८० असेल आणि चल परस्परांशी असंबद्ध असतील, तर विचलनांच्या गुणाकाराची विश्वसनीयता ०.६४ उरते. ०.७० असेल तर ०.४९. शहरी विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या श्रेणीचे घाईने केलेले भाषांतर मंगरूळपीरच्या शेतकऱ्यासमोर ठेवल्यावर ०.७० देखील मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. गॅरी मॅक्लेलंड व चार्ल्स जड यांनी १९९३ साली आणखी एक कारण दाखविले : क्षेत्रीय अभ्यासात बहुतेक माणसे मधल्या गुणांवर असतात, ताण फार अधिक व आधार फार कमी, अशी टोकाची माणसे नमुन्यात क्वचित येतात, आणि आंतरक्रिया तर तेथेच दिसते. ज्याच्यापर्यंत पोहोचणे सर्वांत निकडीचे, तोच नमुन्यातून सुटतो. तेव्हा सोयीच्या गावातून सोयीचे १२० घेण्यापेक्षा दोन-तीन महाविद्यालयांच्या विभागांनी एकच मापनश्रेणी वापरून एकत्र ४०० चा नमुना घ्यावा व टोकाचे प्रयुक्त हेतुपूर्वक अधिक निवडावेत, असे सुचवावेसे वाटते. पदोन्नतीच्या गुणांची वाटणी त्यात थोडी अवघड होईल, हे मान्य आहे.

ब३ असार्थक आल्यास ‘आधाराचा नियामक परिणाम नाही’ असे लिहू नये. गुणकासोबत त्याचा विश्वास-अंतराल द्यावा. उपरोक्त लघुप्रबंधाच्या प्रश्नावल्या प्रस्तुत लेखकाने जपून ठेवल्या होत्या. त्यांतील गुण गट न पाडता पुन्हा भरून गुणाकार पदाचे प्रतिगमन केले असता विश्वास-अंतराल शून्याच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेला आढळला. आधार ताणाची धार कमी करतो, वाढवितो की काहीच करीत नाही, यांपैकी कोणतेही विधान त्या सामग्रीवरून करता येत नाही. ग्रंथालयातील प्रतीत मात्र शेवटच्या प्रकरणात पहिले विधान निष्कर्ष क्रमांक ३ म्हणून छापलेले आहे, आणि नंतरच्या दोन विद्यार्थ्यांनी पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात ते उद्धृतही केले आहे.