‘आधी पिस्टन आण, मग बोलू!’

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांच्या गल्लीतून चालत गेलं, की कानात फक्त लोखंडाचा आवाज राहतो. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझा एक मित्र पिशवीत ब्लॉक घेऊन उभा होता. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सिलिंडर, ज्याच्या आत पिस्टन वर-खाली पळतो. गाडी वडिलांची, यामाहा आरएक्स १००.

“काका, बोअर करून ठेवा. पिस्टन उद्या आणतो.”

काकांनी मान वरही केली नाही. “माप न घेता शर्ट शिवतोस काय रं? आधी पिस्टन आण, मग बोलू.”

आरएक्स १९८५ मध्ये आपल्याकडे आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी आजही कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी दिसली, की आपण वळून बघतोच. जुनी गाडी घ्यायची आणि ‘हाफ इंजिन’ करायचं, हा अनेकांचा प्लॅन असतो. पण नवीन पिस्टन-रिंगा टाकल्या की झालं, असं नसतं. सगळा खेळ ब्लॉकच्या आतल्या भिंतीचा आहे.

चारच संधी

आरएक्सचा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. तो झिजला, की आतून थोडं लोखंड काढून पुन्हा गोल करतात आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. हे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा टप्प्यांत मिळतात. म्हणजे मोजून चार संधी. त्यानंतर नवीन स्लीव्ह नाहीतर दुसरा ब्लॉक. एकदा काढलेलं लोखंड परत लावता येत नाही.

मित्राच्या वडिलांनी पहिली संधी वापरली आणि त्यावर कितीतरी वर्षं गाडी चालवली. दुसरी मित्रानं गेल्या वर्षी वापरली आणि पंधरा दिवसांत संपवली. ब्लॉक बोअर करून आणला, पेट्रोलच्या फडक्यानं पुसला, फिट केला आणि पहिल्याच रविवारी डबलसीट जोतिबाच्या चढाला फुल थ्रॉटल! त्यानंतर आवाज बदलला आणि दुसऱ्या रविवारी गाडी वाटेतच जाम.

काकांनी ब्लॉक उजेडाकडे धरला. आत सगळीकडे बारीक उभ्या रेघा होत्या. “ही आत राहिलेली कचकच.” मग एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूचा जाड ओरखडा दाखवला. “आणि ही तुझी घाई.”

सहा मापं

दुसऱ्या दिवशी पिस्टन आला. काकांनी बोअर गेजनं वर, मध्ये आणि खाली अशी मापं घेतली. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकमेकांना काटकोनात. सहा आकडे. वर-खालच्या आकड्यांत फरक असेल, तर बोअर निमुळता झालाय. काटकोनातल्या आकड्यांत असेल, तर लंबगोल. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. ओरखडा निघून जाईल असं सगळ्यात लहान माप निघालं ०.७५. तिसरी संधी.

मग पिस्टन मोजला. तो वरपासून खालपर्यंत एकसारखा नसतो. डोकं जास्त तापतं, जास्त फुगतं, म्हणून तिथं तो थोडा बारीक ठेवलेला असतो. त्यामुळे माप खालच्या बाजूला, पिनेच्या काटकोनात घ्यायचं. डब्यावर एकच नंबर छापलेला असला, तरी दोन पिस्टनांत किंचित फरक असू शकतो. म्हणून तर ‘आधी पिस्टन आण’! पिस्टन आणि भिंत यांच्यात अशा छोट्या टू-स्ट्रोकला साधारण चार शतांश मिलिमीटर जागा लागते. आपला केस याहून जाड असतो. जागा कमी पडली तर तापल्यावर पिस्टन अडकतो, जास्त झाली तर खडखडतो.

चकचकीत नको

बोअरिंग मशीन शेवटचे काही शतांश मुद्दाम शिल्लक ठेवतं. ते काढायचं काम होनिंगचं. घासणारे दगड फिरतात आणि त्याच वेळी वर-खाली होतात, त्यामुळे भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते. आपल्याला वाटतं, बोअर आरशासारखा हवा. पण गुळगुळीत भिंतीवर ऑइल टिकत नाही आणि नव्या रिंगा नीट बसत नाहीत. त्या जाळीतच ऑइल धरून राहतं.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक काम असतं. भिंतीत पोर्टची भोकं असतात आणि बोअरिंगनंतर त्यांच्या कडा धारदार होतात. त्या हलक्या हातानं मारल्या नाहीत, तर रिंग अडकून तुटू शकते.

एक सावधगिरी : नव्या काही बाइकच्या ॲल्युमिनियम ब्लॉकला आतून कडक लेप असतो. तिथं हा नेहमीचा बोअर-होनिंगचा मार्ग चालत नाही. आधी मॅन्युअल बघा.

बाथरूममधलं शेवटचं काम

ब्लॉक हातात देताना काका म्हणाले, “आता घरी जाऊन धू. पेट्रोलनं नाही, साबणानं.”

पेट्रोल तेलकटपणा काढतं, पण होनिंगची बारीक भुकटी रेघांत तशीच बसून राहते. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि ब्रश. मग पांढरं फडकं आतून फिरवायचं. राखाडी डाग आला, की परत धुवायचं. मित्राचं फडकं पाचव्या वेळी पांढरं निघालं. लगेच कोरडं करून ऑइल लावलं, कारण उघड्या बिडावर बघता बघता गंज धरतो. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजनं तपासली आणि मगच ब्लॉक चढवला.

गाडी आता रनिंगवर आहे. थ्रॉटल अर्ध्याच्या खाली, मध्ये मध्ये थांबून इंजिन थंड करायचं, मागे कुणाला बसवायचं नाही. परवा कॉलेजच्या गेटवर एका स्कूटरनं त्याला ओव्हरटेक केलं. आम्ही सगळे हसलो.

“हसा,” तो म्हणाला. “माझ्याकडे एकच पिस्टन उरलाय.”