वनोत्पादन, शाश्वत

वनातील वृक्षांचा साठा आणि जमिनीची उत्पादनक्षमता यांत घट होऊ न देता वर्षानुवर्षे सारख्या प्रमाणात लाकूड काढीत राहणे, यास शाश्वत वनोत्पादन असे म्हणतात. उभे वन हे मुद्दल व त्याची वार्षिक वाढ हे व्याज, असे मानल्यास केवळ व्याजाइतकीच तोड करावी, हे त्याचे मूलतत्त्व होय. तथापि वनशेतीत मुद्दल व व्याज ही दोन्ही एकाच झाडाच्या खोडात साठलेली असतात. झाडाचे या वर्षीचे वाढीव लाकूड वेगळे काढून घेता येत नाही. त्यासाठी संपूर्ण झाडच तोडावे लागते. म्हणून तोडीची मर्यादा हिशेबाने ठरवावी लागते.

ही कल्पना प्रथम जर्मनीत स्पष्टपणे मांडली गेली. तेथील खाणींना लाकडाची टंचाई भासू लागली, तेव्हा हान्स कार्ल फोन कार्लोव्हित्स यांनी १७१३ मध्ये तिचा पुरस्कार केला. भारतात ती जर्मन वनशास्त्रज्ञांमार्फत आली. डीट्रिख ब्रँडिस यांनी १८५६ पासून ब्रह्मदेशातील सागवनांत झाडांची मोजणी करून तोडीचे प्रमाण ठरविले व १८६४ मध्ये ते भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. मुंबई इलाख्यात त्यापूर्वीच, १८४७ मध्ये, ॲलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती.

मर्यादा ठरविण्याच्या पद्धती : सर्वांत सोपी पद्धत क्षेत्रफळाची होय. तोडीस योग्य होण्यास झाडांना जितकी वर्षे लागतात, त्या कालावधीस आवर्तन म्हणतात. वनाचे तितकेच भाग पाडून दरवर्षी एका भागात तोड करतात. या भागास ‘कूप’ म्हणतात. उदा., १,२०० हेक्टर वनाचे आवर्तन ४० वर्षांचे असल्यास प्रत्येक कूप ३० हेक्टरांचा होतो. त्याऐवजी दरवर्षी ४५ हेक्टर तोडल्यास सु. २७ वर्षांतच सर्व वन संपते व दुसऱ्या फेरीत अपक्व झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागते.

दुसरी पद्धत घनफळाची. सर्व वयांची झाडे सम प्रमाणात असलेल्या वनात एकूण साठा हा वार्षिक वाढ व आवर्तन यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. यावरून साठ्याच्या दुपटीस आवर्तनाच्या वर्षांनी भागले असता वार्षिक तोडीची मर्यादा मिळते. साठा ६०,००० घ.मी. व आवर्तन ६० वर्षे असल्यास ती २,००० घ.मी. येते. साठा घटलेला असेल, तर या सूत्राने मर्यादाही आपोआप कमी येते, हा तिचा विशेष गुण होय.

ठाणे जिल्ह्यातील अनुभव : मुंबई–आग्रा मार्गावरील वडपे (ता. भिवंडी) व त्याच्या पूर्वेस आणि उत्तरेस शहापूर, वाडा या तालुक्यांकडे पसरलेला प्रदेश पानझडी वनांचा आहे. साग, ऐन, खैर, बिबळा, हेद, कळंब, धावडा हे येथील प्रमुख वृक्ष होत. जमिनीलगत कापलेल्या सागाच्या खुंटास जोमदार फुटवे येतात. त्यामुळे काही चांगली झाडे राखून बाकीची तोडावयाची व फुटव्यांपासून नवे वन उभे करावयाचे, ही पद्धत येथे सोयीची ठरली. मात्र तोडीनंतर कूप गुरांपासून व वणव्यापासून राखला गेला नाही, तर फुटवे खुरटतात. अशा वेळी कागदावरील आवर्तन पूर्ण होते. झाड मात्र पूर्ण वाढत नाही.

मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याने येथे इमारती लाकडाबरोबरच सरपण व कोळसा यांनाही गिऱ्हाईक होते. दुसरीकडे वारली, ठाकूर, मल्हार कोळी, कातकरी व कुणबी यांचे जीवन वनावर अवलंबून होते. भात व नागलीच्या रोपांसाठी राब भाजण्यास टहाळा लागे. १८७८ च्या वन अधिनियमानंतर या वापरावर आलेल्या निर्बंधांमुळे असंतोष वाढला व ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमण्यात आला. कूपांतील मजुरीचा व वेठीचा प्रश्न १९४५ च्या वारली आंदोलनात ऐरणीवर आला. त्यानंतर ठेकेदारांऐवजी जंगल कामगार सहकारी संस्थांकडे कूप देण्याचे धोरण मुंबई राज्यात स्वीकारले गेले. सरपण व टहाळा यांची गरज हिशेबात धरली नाही, तर प्रत्यक्ष तोड मंजूर मर्यादेपेक्षा नेहमीच अधिक राहते, हा या इतिहासाचा धडा होय.

कायदेशीर स्थिती : शासकीय वनांतील तोड कार्य आयोजनेनुसार होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने केंद्र शासनाची मान्यता असलेल्या आयोजनेखेरीज वनांत वृक्षतोड करण्यास मनाई झाली. खाजगी मालकीच्या झाडांच्या तोडीवर महाराष्ट्रात १९६४ च्या अधिनियमाने नियंत्रण आहे. १९७५ च्या अधिनियमाने खाजगी वने शासनाकडे आली. वनहक्क अधिनियमाने (२००६) ग्रामसभांनाही सामूहिक वनांच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील लेखा–मेंढा येथे २०११ पासून ग्रामसभा त्यानुसार बांबूची विक्री करू लागली.

मर्यादा : वरील सर्व सूत्रे वनाचे क्षेत्र कायम राहील व तोडलेल्या जागी नवे वन येईल, असे गृहीत धरतात. वडपे परिसरात महामार्गालगत गोदामांची मोठी वस्ती उभी राहिली आहे. अशा प्रदेशात वनजमीन अन्य उपयोगासाठी गेली, की कूपांचा भागाकार मुळापासून पुन्हा मांडावा लागतो. जुनाच आकडा चालू ठेवल्यास उरलेल्या वनावर तितकाच अधिक भार पडतो. शिवाय लाकडाचे प्रमाण टिकले, तरी जातींची विविधता टिकेलच असे नाही. केवळ सागास प्राधान्य दिल्यास लाकडाचा हिशेब जुळतो. पण चारा, फळे व औषधी वनस्पती देणारे मिश्र वन नाहीसे होते. म्हणून आधुनिक वनव्यवस्थापनात लाकडाबरोबर माती, पाणी, वन्यजीव व स्थानिकांच्या गरजा यांचाही मर्यादेत समावेश करतात. ठराविक वर्षांनी पुन्हा मोजणी करणे व साठा घटल्याचे दिसताच तोड कमी करणे, यांवरच शाश्वत उत्पादन अवलंबून असते.