मोबाइलवरच्या टेबलावर तेंदूचा हंगाम: आपला बोर्ड गेम ऑनलाइन कसा तपासायचा?

या भागात आपण बोलणार आहोत बोर्ड गेम बनवण्याबद्दल. पुठ्ठा आणि कात्री घ्यायच्या आधी, मोबाइलवरच तो खेळून कसा बघायचा, याबद्दल. हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

मी राहतो चंद्रपुरात. गेले काही महिने तेंदूपत्त्याच्या हंगामावर एक खेळ बनवतोय. नाव अजून ठरलेलं नाही. चार खेळाडू, म्हणजे चार घरं. बारा फेऱ्या, म्हणजे हंगामाचे बारा दिवस. रोज ठरवायचं, जवळच्या जंगलात जायचं की आतल्या. जवळ गेलं तर एक पुडका-कार्ड मिळतं, आत गेलं तर तीन. पण आत जाणाऱ्यानं वीस पत्त्यांच्या गड्डीतून एक 'धोका' कार्ड उचलायचं. त्यात दोन वाघ.

ज्यांना तेंदू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उन्हाळ्यात, मुख्यतः मे महिन्यात, हंगाम येतो आणि थोड्याच दिवसांत संपतो. पहाटे निघायचं, पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि फळीवर न्यायची. अशी १,००० पुडकी झाली की एक प्रमाण गोणी. गडचिरोली-चंद्रपूरच्या कितीतरी घरांत वर्षाचा मोठा रोख पैसा याच दिवसांत येतो. म्हणूनच माणसं आत जातात.

आता अडचण अशी की माझे खेळगडी विखुरलेले. दोघं पुण्यात, एक नागपुरात, आणि मामेबहीण धानोरा तालुक्यात. एका टेबलावर कधी बसणार? म्हणून व्हर्च्युअल टेबलटॉप.

हे असतं काय?

सोपं आहे. इंटरनेटवरचं रिकामं टेबल. त्यावर तुम्ही आपले पत्ते, सोंगट्या, फासे ठेवता आणि लिंक पाठवली की बाकीचे येऊन बसतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, या टेबलाला बहुतेक वेळा नियम कळत नाहीत. कोणी चुकीची चाल केली तरी ते अडवत नाही. आपल्यासाठी हेच बरं. नियम बदलायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, नुसतं सांगायचं, "या डावात वाघ दोन नाही, तीन."

सगळ्यांत प्रसिद्ध आहे टेबलटॉप सिम्युलेटर, २०१५ मध्ये स्टीमवर आलेलं. ताकदवान आहे, पण विकत घ्यावं लागतं आणि कॉम्प्युटर लागतो. टेबलटोपिया आणि स्क्रीनटॉप ब्राउझरमध्ये चालतात. मी निवडलं प्लेइंगकार्ड्स डॉट आयओ, कारण ते मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतं, खातं काढावं लागत नाही आणि स्वतःचे पत्ते टाकता येतात. माझ्या खेळात पत्तेच जास्त, म्हणून भागलं. तुमच्या खेळात मोठा नकाशा आणि ढीगभर सोंगट्या असतील, तर पहिल्या तिघांकडे बघा.

तयारी करताना

एक, पत्त्यावर कमी लिहा. सहा इंचांच्या स्क्रीनवर चार ओळी कोणी वाचत नाही. माझ्या पहिल्या पत्त्यावर अख्खा परिच्छेद होता. आता एक चित्र, एक आकडा, दोन शब्द.

दोन, देवनागरी मजकूर चित्र म्हणूनच सेव्ह करा. एखाद्या फोनवर जोडाक्षरं फुटली तर खेळ राहतो बाजूला.

तीन, चित्रं हलकी ठेवा. गावात नेटवर्क असतं ते घराच्या एका कोपऱ्यात किंवा गच्चीवर.

चार, बोलण्यासाठी वेगळा कॉल लावा. नेटवर्क अगदीच नसेल तर एकाच वेळी खेळायचा हट्ट सोडा. आम्ही शेवटी चाल झाली की ग्रुपवर "झाली" असं लिहायचो, मग पुढचा लिंक उघडायचा. टेबल जसं होतं तसंच दिसतं. एक डाव दोन दिवस चालला, पण चालला.

आणि मग खेळ मोडला

पहिले सहा डाव पुणे-नागपूरच्या दोस्तांबरोबर झाले. मज्जा आली, हसलो, ओरडलो. मला वाटलं, झालं काम! मग नोंदी काढल्या. प्रत्येक डावात दिसलं एकच, तिसऱ्या फेरीनंतर सगळे रोज आतच जात होते.

का? हिशेब करा. वीसात दोन वाघ, म्हणजे दहा टक्के. वाघ आला तर त्या दिवशी काही नाही. म्हणजे आत गेल्यावर सरासरी २.७ पुडकी, जवळ गेल्यावर एक. वाघ आल्यावर पुढची एक फेरी घरी बसायचं असा नियम होता, तो धरूनही आत जाणंच दुपटीहून फायद्याचं. मग जवळ कोण जाईल? जिथे एकच उत्तर बरोबर असतं, तिथे निवड उरत नाही, आणि निवड नाही तर खेळ नाही. हे मला नोंदींनी दाखवलं. टेबलावरच्या हसण्यानं तर ते लपवलं होतं.

सातव्या डावाला मामेबहिणीच्या फोनवर मामी बसली. ती दरवर्षी तेंदूला जाते. तीन फेऱ्या ती जवळच्या जंगलातच राहिली. मी म्हटलं, "मामी, आत जा ना, तीन मिळतात." ती म्हणाली, "एकटी कशी जाऊ बाबू? सोबत जायचं कार्ड कुठं आहे?"

नव्हतंच. आणि मग तिनं विचारलं, "वाघ आला तर एक दिवस घरीच बसायचं? बस?"

मी गप्प झालो. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ही बातमी मीही वाचली होती. वाचूनही मी वाघाची किंमत 'एक फेरी' लावली होती.

काय बदललं

आधी सोबत. दोन-तीन घरं मिळून आत जाऊ शकतात. मग सगळ्यांसाठी मिळून एकच धोका कार्ड, पण पानंही वाटून घ्यायची. एकट्यानं गेलं तर दोन कार्डं. आता जवळ जावं की सोबत शोधावी, हा खरा प्रश्न झाला.

दुसरं, वाघाचं कार्ड आलं की तो भाग सगळ्यांसाठी बंद, हंगाम संपेपर्यंत. ते घर पुढे जंगलात जात नाही. त्याची पुडकी बाकीच्यांनी आपल्यातून भरायची का, हे टेबलानं सर्वसहमतीनं ठरवायचं. हे मी धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाकडून घेतलं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं हे गाव ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय घेण्यासाठी ओळखलं जातं. या नियमानंतर कॉलवर पहिल्यांदा शांतता पसरली. कोणी पटकन "हो" म्हणेना.

असे खेळ नुसते वेळ घालवायला नसतात. आंध्र प्रदेशातल्या गावांमध्ये भूजलाचा खेळ खेळवला गेलाय. खेळाडू पीक निवडतात, पाणी किती खाली गेलं ते सगळ्यांसमोर दिसतं, आणि खेळ संपल्यावर गाव त्यावर बोलतं.

तुम्ही करणार असाल तर

एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. प्रत्येक बदलाला क्रमांक द्या. एक डाव तरी तोंड बंद ठेवून बघा, फक्त लिहिलेले नियम पाठवा आणि लोक कुठे अडतात ते टिपा. "आवडला का?" असं विचारू नका, दोस्त "हो"च म्हणणार. "कुठली चाल करताना विचार करावा लागला?" असं विचारा.

आणि ऑनलाइन टेबलाच्या मर्यादा ओळखा. तिथे पत्ते एका टॅपमध्ये पिसले जातात, हातानं वेळ लागतो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून शेवटचे डाव पुठ्ठ्यावरच.

सगळ्यांत महत्त्वाचं, ज्यांच्या आयुष्यावर खेळ आहे, त्यांना सातव्या डावाला नाही, पहिल्या डावाला बसवा. माझे सहा डाव वाचले असते.

पुढच्या महिन्यात पुठ्ठ्याचा पहिला संच घेऊन मी धानोऱ्याला जातोय. मामीनं आधीच सांगून ठेवलंय, पत्ते मोठे कर, चष्मा लागलाय.

चला, भेटूया पुढच्या भागात!